ओजसच्या रिपोर्टमधला १.६

सांगली,
गुरुवार

चि. सौ. मृण्मयी हिस अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू म्हणालीस की ओजसच्या ॲलर्जीच्या रक्ततपासणीतला अंड्याच्या पांढऱ्याचा आकडा वर्षभरात ४.२ वरून १.६ वर आला आहे, तेव्हा रविवारी घरीच थोडा केक करून त्याला भरवून पाहणार आहेस. मी आवाज चढवला आणि तू फोन ठेवलास. आवाज चढवायला नको होता. उपदेश करायचा नाही असे ठरवूनच हे पत्र लिहायला बसलो आहे.

चूक तुझी नाही; आकड्यावर विश्वास ठेवायला तुला मीच शिकवले. शाळा सुटली की तू लॅबमध्ये माझ्या शेजारच्या स्टुलावर बसायचीस, सेंट्रिफ्यूज थांबला की नळ्या मोजायचीस, आणि मी ऐटीत सांगायचो की कंट्रोल, म्हणजे उत्तर आधीच ठाऊक असलेला नमुना, बरोबर आला असेल तर आकडा खोटे बोलत नाही. साखरेला, हिमोग्लोबिनला ते शोभून जायचे. ॲलर्जीच्या रिपोर्टला तो नियम लावू नकोस.

हा आकडा फक्त एवढेच सांगतो की ओजसच्या सीरममध्ये, म्हणजे रक्तातल्या पातळ भागात, अंड्याच्या प्रथिनांना चिकटणारी आयजीई, म्हणजे ॲलर्जी घडवणारी प्रतिद्रव्ये, किती आहे. प्रथिने बसवलेल्या पृष्ठभागावर सीरम सोडतात, चिकटलेले ठेवून बाकीचे धुऊन टाकतात आणि चिकटलेल्या आयजीईला खूण लावलेले दुसरे प्रतिद्रव्य जोडून मोजणी करतात. त्या सगळ्यात ओजसचे आतडे नसते, त्याची श्वासनळी नसते. ०.३५ च्या वर पॉझिटिव्ह म्हणण्याची रीत आहे. तरी २ आकडा असलेले एखादे मूल आम्लेट खाऊन खेळायला पळते आणि ०.५ असलेल्या दुसऱ्याचे ओठ सुजतात. आकडा ७ च्या पुढे असेल तर त्रास होणार हे बहुतेक ठरलेलेच धरतात, पण तो किती जोराचा होईल हे मोठा आकडाही सांगत नाही आणि लहानही नाही. १.६ चा अर्थ माझ्या मते इतकाच, की आता डॉक्टरांसमोर खाऊ घालून पाहण्याचा विचार करता येईल. डॉक्टरांसमोर, मृण्मयी, स्वयंपाकघरात नव्हे.

आणखी एक. तू मला पहिलीच ओळ वाचून दाखवलीस. खाली ओव्होम्युकॉइडची ओळ आहे का? ही दोन्ही पांढऱ्यातली प्रथिने: ओव्हाल्ब्युमिन उष्णतेने मोडते, ओव्होम्युकॉइड मोडत नाही, म्हणून भाजलेल्या केकचा प्रश्न पांढऱ्याच्या एकूण आकड्यापेक्षा त्या ओळीवर अधिक अवलंबून असतो. आणि ती ओळ कमी आली तरी खात्री मिळतेच असे नाही. १९६०च्या दशकात इशिझाका या जपानी शास्त्रज्ञ पती-पत्नींनी ही आयजीई शोधताना स्वतःच्या कातडीवर टोचून घेतले होते. बघ, पुन्हा वर्ग भरवला. क्षमा कर. आई म्हणते, निवृत्त झालो तरी अंगातला ॲप्रन काही उतरत नाही.

खरे कारण निराळे आहे आणि ते तुला ठाऊक आहे. त्या मे महिन्यात चमचा माझ्या हातात होता. आजीच्या वेळेपासून आपल्याकडे अंड्याचे भांडे परसात वेगळे असते. त्यातच मी हौसेने अंडे उकडले, कुस्करले आणि नातवाला भरवले. दहा मिनिटांत त्याच्या तोंडाभोवती गांधी उठल्या, त्याला उलटी झाली, आणि मग तो खोकला सुरू झाला. विश्रामबागेपासून मिरजेपर्यंतचा रस्ता त्या दिवशी संपता संपत नव्हता. तू मागच्या सीटवर त्याला उभा धरून त्याचे श्वास मोजत होतीस, मोठ्याने, एकही आकडा न चुकवता. असे धैर्य मला जमले नसते. मी नुसती गाडी चालवत होतो. तेथे मांडीत ॲड्रिनलिन टोचल्यावर थोड्या वेळाने तो रडला, तेव्हा कुठे तू मोजणे थांबवलेस.

म्हणून सांगतो, रविवारी केक करू नकोस. रुग्णालयात ही तपासणी करतात तेव्हा अगदी कणभरापासून सुरुवात करून ठरावीक वेळाने मात्रा वाढवत नेतात, नंतर काही तास बसवून ठेवतात, आणि इंजेक्शन हाताशी तयार असते. त्याला सर्दी-ॲलर्जीचे औषध चालू असेल तर डॉक्टरांना आधी सांग. त्या औषधाने रक्ताचा आकडा बदलत नाही, पण त्वचेवरची चाचणी दबते आणि खाऊ घालतानाची सुरुवातीची लक्षणेही झाकली जाऊ शकतात. हे तुला माहीत असेलच. तू माझ्यापेक्षा जास्त वाचतेस. त्याने कायम अंड्यावाचून राहावे असेही माझे म्हणणे नाही. बहुतेक मुलांची ही ॲलर्जी वाढत्या वयात जाते आणि ओजसचीही जाईल असे मला मनापासून वाटते.

शनिवारी सकाळच्या गाडीने पुण्याला येतो आहे. रिपोर्टची पूर्ण प्रत, मागच्या पानासकट, काढून ठेव. डॉक्टरांनी वेळ दिली तर त्या दिवशी मी बाहेरच्या बाकावर बसेन, आत येणार नाही. आईने भडंग दिले आहे. त्यात काय काय घातले आहे त्याची यादी तिने स्वतःच्या अक्षरात लिहून डब्यावर चिकटवली आहे, मीठसुद्धा सोडलेले नाही.

जावईबापूंना नमस्कार, ओजसला गोड पापा.

तुझे,
बाबा

ता. क. केकचे साहित्य आणले असेल तर राहू दे. अंडी तेवढी शेजारी देऊन टाक.