दाताचा साचा

चि. बाळ यास,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर जाताजाता म्हणालास, "सायकल घसरली, पुढच्या दाताचा टवका उडाला, बाकी काही नाही." आणि लगेच फोन आईला द्यायला लावलास. रात्रभर माझा डोळ्याला डोळा लागला नाही. टवका केवढा? वरचा दात की खालचा? फोटो पाठव. हसतानाचा नको, ओठ वर करून चांगल्या उजेडात काढलेला पाठव. तुकडा सापडला का? सापडला असेल तर टाकू नकोस, कधीकधी तोच परत चिकटवता येतो.

तुला वाटेल बाबा आपलंच घेऊन बसले. शिवाजी पार्कला संचलनाच्या सरावात पुढचा गडी एकदम थांबला आणि माझ्या ट्रंपेटचं तोंड त्याच्या पाठीवर आदळलं, तेव्हा तू जन्मायचा होतास. रक्तही फारसं आलं नाही. दात मात्र हलू लागला आणि दिवाळीनंतर पडला. खोटा बसवला तो नखाच्या जाडीएवढा आत बसला. तेवढ्यानं वरचे सूर गेले ते गेलेच. मूळचा दात किती पुढे होता, कसा कलला होता, हे डॉक्टरला दाखवायला माझ्याकडे काही नव्हतं. मग मला बास ड्रम दिला. निवृत्त होईपर्यंत तोच वाजवला.

आमच्या ट्रंपेटला निदान तीन बटणं होती. नळी साडेचार फुटांची, चुकलं तरी बोटं सांभाळून घेत. तुझ्या त्या जुन्या, बाखच्या काळच्या धाटणीच्या ट्रंपेटची नळी दीडपटीहून लांब आणि बटण एकही नाही, आपल्या तुतारीसारखी. हल्ली त्या नळीला सूर सावरायला भोकं पाडतात, तीही तुला नकोत. नळी लांब म्हणून वरचे सूर एकमेकांना खेटून येतात, हे तूच मला समजावलंस. ओठ केसभर हलला की शेजारचा सूर लागतो. खालून मोजत गेलं तर अकरावा सूर ना शुद्ध मध्यम ना तीव्र, तो ओठांनीच वर-खाली ओढून घ्यायचा. म्हणजे सगळा भार ओठावर, आणि ओठ टेकतो दातावर. म्हणून डॉक्टरनं काही घासायच्या, भरायच्या आत वरच्या-खालच्या सगळ्या दातांचा प्लास्टरचा साचा करून घे. आज घे. कार्यक्रम झाल्यावर बघू, असं करू नकोस.

डिसेंबर तोंडावर आलाय, हे मला ठाऊक आहे. बाख या जुन्या जर्मन संगीतकाराचं ते नाताळचं मोठं काम तीन गावांत वाजवायचंय, वर्षाची निम्मी कमाई याच दिवसांत होते, हेही ठाऊक आहे. ऑर्केस्ट्रातली कायमची जागा सोडलीस त्याबद्दल मी बोलणार नाही, असं आईला कबूल केलंय. पण कायमच्या जागेवर माणूस दोन महिने रजा टाकून दात बरा करू शकतो, एवढं म्हणतो आणि थांबतो. झालं माझं लेक्चर. माफ कर.

तू सांगितलेल्या त्या गोटफ्रीड रायखेचं चित्र मी काल पुन्हा काढून पाहिलं. साठीच्या सुमाराचा माणूस, हातात वेटोळी ट्रंपेट. मोठं करकरून पाहिलं, पण तोंड मिटलेलं आहे, दात दिसत नाहीत. बाखसाठी इतकी वर्षं ते अवघड सूर काढणारा हा माणूस. ५ ऑक्टोबर १७३४ च्या रात्री लाइपझिगच्या चौकात राजासमोर मशालींच्या धुरात वाजवलं, दुसऱ्या दिवशी घराकडे जाताना रस्त्यात कोसळला आणि गेला. ६७ वर्षांचा होता. तू हे सांगितलंस तेव्हा तुझे डोळे चमकत होते. मला वाटलं, इतक्या वयापर्यंत त्याचे दात कसे टिकले असतील!

आणि ते आल्टेनबुर्ग बाप-लेक. बाप वायसेनफेल्सच्या दरबारचा नावाजलेला ट्रंपेटवाला. रायखे जन्मला तेच हे गाव. १७४६ साली तिथली गादीच बुडाली. मुलगा बापाकडे शिकला, लढाईत फौजेबरोबर तुतारी फुंकून आला, पण पुढे ट्रंपेटवाल्याची नोकरी काही मिळाली नाही. बिटरफेल्ड नावाच्या गावात चर्चचा ऑर्गन वाजवत जन्म काढला. १७९५ साली त्यानं आपली विद्या पुस्तकात उतरवली, नाहीतर तुम्हा मुलांच्या हाती फारसं काही लागलं नसतं. त्या बापाचा मी फार विचार करतो.

पण बाळा, तुझ्या वाजवण्याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. आमचे बँडमास्तर गोव्यातल्या सासष्टीचे, चर्चच्या शाळेत नोटेशन शिकून मुंबईला आलेले. ते म्हणत, जोरात कोणीही फुंकेल, हळू फुंकेल तो वाजवणारा. गेल्या वर्षी तू पाठवलेलं रेकॉर्डिंग लावलं तेव्हा आई मेथी निवडत होती. तुझी ट्रंपेट त्या गाणाऱ्या बाईच्या आवाजाला कुठेही झाकत नव्हती, तिच्या बाजूनं चालत होती. आई निवडायची थांबली. म्हणाली, "हा बँडचा आवाज नाही हो." मी आयुष्यभर मैदानावर वाजवलं, मला असा आवाज काढायला कोणी सांगितलंच नाही. जर्मनीतल्या बाड झेकिंगनच्या ट्रंपेट संग्रहालयातला तुझा फोटो दिवाणखान्यात लावलाय. येणाऱ्या-जाणाऱ्याला मी सांगतो, एडवर्ड टार नावाचा अमेरिकन माणूस स्वित्झर्लंडमधल्या बाझलच्या संगीतशाळेत आला, लोक विसरलेलं हे वाद्य त्यानं पुन्हा शिकवायला घेतलं, आणि आमचा मुलगा त्याच शाळेत शिकला. लोक विचारतात, पगार किती? मी विषय बदलतो.

दातदुखीची गोळी घेऊन रियाज करू नकोस. दुखणं कळलं नाही की माणूस माउथपीस जास्त दाबतो. दोन दिवस नुसतं नोटेशन वाच, बोटभरही फुंकू नकोस. मी सांगून तू ऐकशील असं नाही, लहानपणीही तापात कॉर्नेट उशाशी घेऊन झोपायचास. तरी सांगतो.

डॉक्टरकडे जाताना माउथपीस खिशात ठेव. दात पक्का करण्याआधी तिथल्या खुर्चीत बसूनच ओठाला लावून बघ, खालचा सूर, मग वरचा. बाहेर माणसं खोळंबली असली तरी संकोच करू नकोस. किंचितही वेगळं वाटलं तर पुन्हा घासायला लाव. साच्याच्या दोन प्रती कर, एक इकडे पाठवून दे, आई कपाटात ठेवेल.

तुझा,
बाबा

ता. क. ताईनं वाचून सांगितलं की तिकडे दाताचा खर्च साध्या विम्यात बसत नाही, पण अपघातानं मोडलेल्या दाताचा बसतो. तेव्हा सायकलवरून पडल्याचं डॉक्टरकडून कागदावर लिहून घे, तारखेसकट.