आईच्या माहेरचं रक्त

अनगोळ, बेळगाव
श्रावणातला दुसरा सोमवार

प्रिय संज्या,

सप्रेम नमस्कार. तुझे दोन फोन उचलले नाहीत, रागावला असशील. वैशाखात बाळ्याला दवाखान्यात ठेवलेलं तुला ठाऊक आहे. पुढचं फोनवर सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून लिहायला बसलो.

गोव्यात वेर्ण्याच्या साइटवरनं तो थंडीताप घेऊन आला. रक्तात व्हायवॅक्स मलेरिया निघाला. हा यकृतात दडून बसतो आणि पुन्हा उठतो, म्हणून चौदा दिवसांच्या प्रायमाक्वीनच्या गोळ्या मिळाल्या. देणाऱ्यानं काही विचारलं नाही, आम्हाला तरी काय ठाऊक! तिसऱ्या दिवशी मोरीतून हाक आली, "दादा, जरा बघ की." लघवी कोऱ्या चहासारखी. डोळे पिवळे. हिमोग्लोबिन ७ वर. त्याच रात्री रक्त चढवलं.

मोठ्या डॉक्टरांना जी-सिक्स-पीडीच्या कमतरतेचा संशय आला. तांबड्या पेशींना सांभाळणारं एन्झाइम आहे ते. कमी असलं की अशा गोळीनं पेशी पटापट फुटतात. १९५६ साली शिकागोच्या डॉक्टरांनी हे शोधलं, आणि त्या गोळीचे प्रयोग झाले होते स्टेटव्हिल तुरुंगातल्या कैद्यांवर. ते वाचून मला दुसरीच चीड आली. आणि बघ, दवाखान्यात असताना केलेली तपासणी नॉर्मल आली! जुन्या, कमकुवत पेशी फुटून गेलेल्या, उरलेल्या कोवळ्या पेशींत एन्झाइम बऱ्यापैकी. तीन महिन्यांनी परत केली, तेव्हा सापडलं. तो रिपोर्ट गेल्या आठवड्यात आला.

खरी भानगड तिथून सुरू झाली. हा जीन एक्स क्रोमोसोमवर असतो आणि मुलाला एक्स मिळतो आईकडूनच. आज्जीनं एवढंच ऐकलं. "म्हणजे तुझ्या माहेरचं रक्त गं." आई काही बोलली नाही. उठली, ट्रंक उघडली आणि साड्यांच्या घड्यांतून डांबराच्या गोळ्या एकेक वेचून पदरात घेऊ लागली. त्याही बाळ्याला चालत नाहीत, हे तिनं डॉक्टरांकडून नीट ऐकून घेतलं होतं. आज्जीनं मात्र घरातले वाल-पावटे बंद करून टाकले. अरे, वर्ज्य आहे तो बाकला, म्हणजे फावा बीन, आपला पावटा नव्हे! पण तिला कोण सांगणार?

माझी तपासणी नॉर्मल आली. आई तीच, पण माझ्या वाट्याला तिचा दुसरा एक्स आला. हे कळल्यापासून बाळ्याच्या तोंडाकडं बघवत नाही.

परवा आईला घेऊन गेलो होतो. डॉक्टर कन्नड, पण मोडक्या मराठीत म्हणाले, "अव्वा, तुमची काय चूक नाही." मग समजावलं. जगात चाळीस कोटींहून जास्त लोकांत ही कमतरता आहे, आणि मुख्यतः जिथं पिढ्यान्‌पिढ्या मलेरिया होता तिथंच. फाल्सिपेरम हा मलेरियाचा घातक प्रकार जिवावर बेतण्यापासून हिनं थोडं वाचवलं, म्हणून ती टिकली. हॉल्डेन नावाच्या शास्त्रज्ञानं १९४९ साली थॅलेसेमिया या रक्ताच्या दुसऱ्या आनुवंशिक आजाराबद्दल असाच अंदाज मांडला होता. तेच हॉल्डेन पुढं भारतात येऊन राहिले आणि भुवनेश्वरला वारले. "मग बाळ्याला झालाच कसा?" मी विचारलं. म्हणाले, कवच पूर्ण नसतं, ताप येतोच.

आईचं माहेर कणकुंबीकडचं, रानातलं. परतताना बसमध्ये ती एवढंच म्हणाली, "माझ्या आजाला दरसाल हिवताप यायचा. म्हातारा पंचाऐंशी वर्षं जगला." आजाचा जीन तिच्यापर्यंत आला की नाही, कोण जाणे. मी काही बोललो नाही. तिला बरं वाटत होतं.

आता तुझ्याकडं काम आहे. मावशीचा धाकटा तिकडंच, वेर्ण्याला आहे, आणि त्याचा फोन लागत नाही. बाळ्याच्या रिपोर्टची झेरॉक्स सोबत पाठवतोय. रविवारी त्याच्या खोलीवर जाऊन हातात दे. म्हणावं, ताप आला तर गोळी घेण्याआधी हा कागद दाखव, आणि त्याआधी स्वतःची तपासणी करून घे. मावशीला मी अजून काही सांगितलेलं नाही. आधी त्याची तपासणी होऊ दे.

तुझा,
सुऱ्या