वैद्यकीय भौतिकी म्हणजे केवळ रेडिओथेरपी नव्हे

महोदय,

एम.एस्सी.चे निकाल लागले की भौतिकशास्त्राची मुले-मुली ओळखीपाळखीतून माझ्याकडे चौकशीला येतात आणि वैद्यकीय भौतिकी (आजारांचे निदान व उपचार यांत वापरले जाणारे भौतिकशास्त्र) म्हणजे रेडिओथेरपी, अर्थात किरणोत्सर्गाने कर्करोगावर उपचार, हे गृहीत धरूनच बोलू लागतात. मी स्वतः अठरा वर्षे नवी मुंबईतील एका रुग्णालयात रेडिओथेरपीचेच काम करते, तेव्हा या गृहीतकाबद्दल तक्रार करणे मला शोभणारे नाही. तरीही शाखा निवडण्याचा प्रश्न इतक्या घाईने निकालात निघू नये, म्हणून हे पत्र.

या समजामागे व्यवहार आहे. अणुऊर्जा नियामक मंडळाच्या नियमांनुसार रेडिओथेरपी विभागाला पात्र वैद्यकीय भौतिकतज्ज्ञ नेमावाच लागतो, त्यामुळे जाहिराती तिथल्या निघतात. भाभा अणुसंशोधन केंद्रात १९६२ पासून चालू असलेला रेडिऑलॉजिकल फिजिक्सचा पदविका अभ्यासक्रम पूर्ण केल्यावर करावी लागणारी वर्षभराची इंटर्नशिपही बहुधा याच विभागात जाते. जे वर्षभर पाहिले तेच पुढे निवडले जाते. माझेही तसेच झाले. त्यात टाटा मेमोरियलच्या खारघर येथील कर्करोग केंद्रात, म्हणजे अ‍ॅक्ट्रेकमध्ये प्रोटॉन उपचार सुरू झाल्यापासून हे आकर्षण वाढले आहे, आणि ते अनाठायी नाही. प्रोटॉन आपली बरीचशी ऊर्जा मार्गाच्या शेवटी टाकतो व तिथेच थांबतो, त्यामुळे गाठीच्या पलीकडचा भाग वाचतो. पण तो नेमका कुठे थांबेल याचा अंदाज काही मिलिमीटरनेही चुकू नये, याची काळजी वाहणाऱ्याला भौतिकी मनापासून आवडावी लागते. रुग्ण संपल्यावर संध्याकाळी फँटम (रुग्णाच्या शरीराऐवजी वापरायचा नमुना) मांडून क्यूए, म्हणजे यंत्राची व मात्रेची गुणवत्ता तपासणी, करत बसण्याची तयारीही लागते, हे मात्र कोणी आधी सांगत नाही.

न्यूक्लिअर मेडिसिनचा, म्हणजे किरणोत्सारी औषध शरीरात देऊन निदान वा उपचार करणाऱ्या शाखेचा, स्वभाव अगदी वेगळा. पेट स्कॅनसाठी लागणाऱ्या फ्लोरिन-१८ चे अर्धायुष्य सुमारे ११० मिनिटे असते. सायक्लोट्रॉनकडून (हे फ्लोरिन तयार करणाऱ्या यंत्राकडून) औषध घेऊन निघालेली गाडी वाशीच्या खाडीपुलावर तेवढा वेळ अडकली, तर निम्मा किरणोत्सर्ग रस्त्यातच संपलेला असतो. इथे घड्याळाशी जमवून घेणारा माणूस हवा. थायरॉइडच्या कर्करोगासाठी आयोडीन-१३१ दिलेल्या रुग्णाला घरी कधी सोडायचे, लहान मुलांपासून किती दिवस दूर राहायला सांगायचे, हेही मोजून ठरते. ज्यांना रुग्णाशी आणि नातेवाइकांशी बोलायला आवडते, त्यांनी या शाखेचा विचार जरूर करावा.

माझा खरा आग्रह मात्र तिसऱ्या शाखेसाठी, म्हणजे निदानासाठीच्या प्रतिमांच्या भौतिकीसाठी आहे. रेडिओथेरपी घेणाऱ्यांच्या कितीतरी पट माणसे सीटी स्कॅन करून घेतात, आणि पोटाच्या एका सीटीत मिळणारी किरणोत्सर्गाची मात्रा छातीच्या साध्या एक्स-रेच्या साधारण शंभर पट असू शकते. काही वर्षांपूर्वी एका परिचितांच्या सात वर्षांच्या मुलीचा सीटी अहवाल माझ्यापाशी आला. मात्रेचे आकडे पाहिल्यावर लक्षात आले की स्कॅन मोठ्या माणसाच्या सेटिंगवर झाला होता. तंत्रज्ञाचा त्यात दोष कमीच. त्या केंद्रात मुलांसाठी वेगळी सेटिंग करून ठेवणारा कोणी नव्हता. यंत्राची ठरावीक मुदतीने तपासणी होते, तशी होतच असणार. पण तपासणीत उत्तीर्ण झालेले यंत्रही मुलासाठी चुकीच्या रीतीने वापरता येते. ठाण्यात स्टेशन परिसरापासून घोडबंदर रोडपर्यंत सीटी आणि एमआरआयच्या पाट्या दिसतात, आणि त्यांपैकी किती ठिकाणी पूर्णवेळ भौतिकतज्ज्ञ असेल, असा प्रश्न मला येता-जाता पडतो. या शाखेत जागा कमी आहेत हे खरे, आणि केवळ मनाच्या ओढीने कोणी तिकडे जावे असे मी घर चालवणाऱ्या मुलांना सांगू शकत नाही. जागा निर्माण करणे हे काम रुग्णालयांचे आहे. दोन-तीन केंद्रांनी मिळून एक भौतिकतज्ज्ञ नेमणे कठीण नसावे.

तोवर एवढे तरी व्हावे: ठाणे व नवी मुंबईतील मोठ्या रुग्णालयांनी इंटर्नना काही आठवडे न्यूक्लिअर मेडिसिन आणि रेडिऑलॉजी विभागांतही पाठवावे, आणि आपल्या वृत्तपत्राने करिअरविषयक पानावर या दोन शाखांत काम करणाऱ्यांना लिहायला सांगावे. माझ्याकडे येणाऱ्या मुलांना मी त्यांच्याविषयी ऐकीव तेवढेच सांगू शकते.

— एक वैद्यकीय भौतिकतज्ज्ञ, नौपाडा, ठाणे