शिवसुमनाच्या रोपांचा उगम नोंदवा: वनमंत्र्यांना खुले पत्र

माननीय वनमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,

सविनय नमस्कार.

शिवनेरीच्या कड्यावर उगवणाऱ्या शिवसुमनाविषयी, म्हणजेच शिंदळमाकुडीविषयी, हे पत्र आहे. ही वनस्पती महाराष्ट्राबाहेर निसर्गतः कोठेही आढळत नाही. एकोणिसाव्या शतकात वनस्पतिशास्त्रज्ञ डाल्झेल यांनी तिची शास्त्रीय नोंद केली आणि मुंबई इलाख्याचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या नावावरून तिला ‘फ्रेरिया इंडिका’ हे नाव मिळाले. आज शिवनेरी, वज्रगड, सज्जनगड अशा मोजक्याच ठिकाणच्या कडेकपारींत ती तग धरून आहे.

तिची फांदी तोडून मातीत खोचली की ती सहज मूळ धरते. त्यामुळे वनस्पती उद्यानांत, रोपवाटिकांत आणि हौशी लोकांच्या कुंड्यांत आज शिवसुमन दिसते, आणि आता तिला धोका उरला नाही असा समज पसरू लागतो. तो मला फार घातक वाटतो. एका झाडाच्या शंभर फांद्यांपासून शंभर रोपे केली, तरी आनुवंशिकदृष्ट्या ते एकच झाड असते. जो रोग त्यातल्या एका रोपाला मारील, तो बाकीच्या नव्याण्णवांनाही मारू शकतो.

पावसाळ्याच्या उत्तरार्धात या मांसल फांद्यांवर पिवळे ठिपके असलेली, तपकिरी-लाल, चांदणीसारखी फुले येतात. त्यांचे पराग सुटे नसून पुंजक्यांत बांधलेले असतात, आणि ते पुंजके माश्या एका फुलावरून दुसऱ्या फुलावर नेतात. पुढे जोडशेंगा धरतात व रेशमी झुपके असलेले बी वाऱ्यावर उडते. मात्र आसपासची सारी झाडे एकाच मातृवृक्षाची असतील, तर माशीने कितीही फेऱ्या मारल्या तरी नवे आनुवंशिक मिश्रण होणार नाही. शिवाय सज्जनगड आणि शिवनेरी यांच्यातले अंतर माशीच्या आवाक्यातले नाही, म्हणून प्रत्येक डोंगरावरची झाडे दीर्घकाळात आपापले वेगळेपण घडवत आली असण्याची दाट शक्यता आहे. एका गडाची रोपे सरसकट दुसऱ्यावर लावल्यास ते वेगळेपण आपल्याच हातांनी पुसले जाईल.

म्हणून माझी पहिली आणि मुख्य विनंती अशी की, शासकीय वा शासन-अनुदानित कोणत्याही रोपवाटिकेने शिवसुमनाची रोपे करताना ती कोणत्या डोंगरावरच्या, किती मातृझाडांपासून केली याची नोंद ठेवणे बंधनकारक करावे, जमेल तेथे फांद्यांऐवजी बियांना प्राधान्य द्यावे, आणि पुनर्लागवड त्याच डोंगरावर करावी. २०२२ साली मंत्रिमंडळाने १७२.३९ कोटी रुपयांच्या ‘महाराष्ट्र जनुक कोष’ या आनुवंशिक वैविध्य जपण्याच्या प्रकल्पाला मान्यता दिली. त्यात सागरी जैवविविधता, पिकांचे स्थानिक वाण, देशी गुरे यांचा समावेश आहे. कड्यांवरच्या प्रदेशनिष्ठ, म्हणजे ठरावीक प्रदेशातच आढळणाऱ्या, वनस्पतींनाही त्यात स्वतंत्र स्थान मिळावे.

दुसरी विनंती तातडीची आहे. शिवनेरीसह बारा किल्ले २०२५ साली जागतिक वारसा यादीत आले, याचा आम्हाला अभिमान आहे. आता तेथे डागडुजी, साफसफाई आणि पर्यटकांची वर्दळ वाढेल. तटाखालची झुडपे काढण्यापूर्वी वनस्पतिशास्त्रज्ञांकडून पाहणी व्हावी, यासाठी आपल्या विभागाने पुरातत्त्व विभागाशी लेखी समन्वय साधावा. तो आदेश पुढील साफसफाईआधी निघावा, एवढीच विनंती.

आपला नम्र,
जुन्नर तालुक्यातील एक वनस्पती-अभ्यासक