काचेच्या कपाटात काय ठेवायचं

वाळपई, सत्तरी

चि. बाय,
अनेक आशीर्वाद.

वाचनालयाच्या कमिटीने संदर्भग्रंथांची खरेदी तुझ्या गळ्यात घातली हे ऐकून बाबांना हसू आलं. "आईचीच लेक," एवढंच म्हणाले आणि पेपरात डोकं घातलं. मला मात्र जरा काळजी वाटली. आरोग्य, विज्ञान आणि कायदे-योजना असे तीन विषय, एकच देणगी, आणि वर ते नवं काचेचं कपाट! आता विक्रेते सोनेरी अक्षरांचे, एका मापाचे जाडजूड संच घेऊन येतील. कमिटीतले ज्येष्ठ म्हणतील, कपाट कसं भरलेलं दिसलं पाहिजे. फोंड्याच्या माणसांना शोभेची हौस जरा जास्तच. (हे सासूबाईंना वाचून दाखवू नकोस.)

शाळेच्या ग्रंथालयात इतकी वर्षं काढल्यावर माझं एक मत पक्कं झालंय. हे तिन्ही विषय एका वेगाने जुने होत नाहीत. वैद्यकाचं पुस्तक झपाट्याने शिळं होतं आणि शिळं झालं की अपाय करतं. विज्ञानाचं चांगलं पुस्तक पुष्कळ वर्षं चालतं. समाजधोरणाचं पुस्तक जुनं झालं तरी फेकायचं नसतं, फक्त त्याचा उपयोग बदलतो. पैसे त्या हिशोबाने वाट.

आधी वैद्यक. दुकानात पुस्तक हातात घेतलंस की प्रस्तावना वाचत बसू नकोस. थेट अतिसाराचं पान काढ आणि जलसंजीवनीचं प्रमाण बघ. एक लिटर पाण्यात मीठ साडेतीन ग्रॅम आणि ग्लुकोज वीस ग्रॅम असं लिहिलेलं असेल तर ते जुनं सूत्र आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफने 2002 मध्ये ते बदललं. आता मीठ 2.6 ग्रॅम, ग्लुकोज 13.5 ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड 1.5 आणि ट्रायसोडियम सायट्रेट 2.9 ग्रॅम हे दोन आकडे होते तेच राहिले. द्रावण पूर्वीपेक्षा पातळ केलं, कारण त्याने मुलांचे जुलाब आणि उलट्या कमी होतात आणि सलाईन लावायची पाळी कमी वेळा येते. पुस्तकावर 2015 साल छापलंय आणि आत साडेतीन ग्रॅम आहे, तर समज की लेखकाने तो भाग परत उघडूनसुद्धा पाहिलेला नाही. मग बाकीची प्रकरणं तरी कशावरून पाहिली असतील? अशी पुस्तकं मी मराठीत पाहिलीत, इंग्रजीतही पाहिलीत.

दुसरं पान सर्पदंशाचं. आपल्याकडे हे पान लोक खरोखर उघडतात. दंशाच्या वर करकचून दोरी बांधा, ब्लेडने चीर द्या, रक्त चोखून काढा असं लिहिलेलं पुस्तक फुकट मिळालं तरी घेऊ नकोस. हात किंवा पाय हलू न देता माणसाला लवकरात लवकर प्रतिविष असलेल्या इस्पितळात न्यावं, हे पहिल्या दोन ओळींत यायला हवं. आणखी बारकाईने पाहायचं तर बघ, आपल्या देशात मिळणारी प्रतिविषाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्याच विषावर बनवतात हे सांगितलंय का. घाटातल्या चापड्यांवर, म्हणजे नाकाड्या चापड्यासारख्या सापांवर ती नीट चालत नाही. एवढं लिहिणारा माणूस आपल्या भागाची माहिती ठेवून आहे असं समजायला हरकत नाही.

तिसरं पान आमच्या सत्तरीचं, माकडतापाचं. हा रोग 1957 मध्ये शिमोग्याकडच्या क्यासनूर जंगलात सापडला, आणि पुढे कित्येक वर्षं पुस्तकांत तो कर्नाटकातल्या त्या एका भागाचा म्हणूनच राहिला. सत्तरीत तो 2015 मध्ये आला, पुढच्या वर्षी दोडामार्गाकडेही गेला. काजूच्या हंगामात बागायतीत पालापाचोळ्यात वावरणाऱ्या माणसांना गोचिडी चावतात आणि आठवड्याभरात ताप भरतो. ज्या पुस्तकात अजून "फक्त शिमोगा जिल्हा" आहे, ते वाचून इथला माणूस निर्धास्त होईल आणि साध्या तापाच्या गोळ्या घेत घरी बसेल. त्या रोगाची लस पूर्वी देत असत. तिचा पुरेसा उपयोग होत नाही असं दिसल्यावर ती थांबवली. म्हणजे "लस उपलब्ध आहे" हे वाक्यसुद्धा आता शिळं.

सालाच्या बाबतीत फसू नकोस. शीर्षकपानाच्या मागे बघायचं. पहिली आवृत्ती केव्हाची, सुधारून पुन्हा लिहिलेली केव्हाची, आणि नुसतं पुनर्मुद्रण केव्हाचं, हे तिथे कळतं. पुनर्मुद्रणाचं साल वेष्टणावर मोठ्या अक्षरात टाकायची खोड अनेकांना असते. तिथे काहीच छापलेलं नसेल तर पुस्तक खाली ठेव आणि पुढे चल.

वैद्यकाला मी फार पैसे घालणार नाही. वैद्यकीयची मुलं ज्याला नुसतं 'पार्क' म्हणतात ते प्रतिबंधक आणि सामाजिक वैद्यकाचं पाठ्यपुस्तक एक घे. ते इंग्रजीत आहे, पण साथीचे रोग, लसीकरण, पाणी, पोषण, सरकारी आरोग्य कार्यक्रम असं सगळं एका जागी मिळतं आणि त्याची आवृत्ती वरचेवर निघते. बांबोळीच्या मेडिकल कॉलेजात परीक्षा झाली की मुलं आदल्या आवृत्तीची प्रत निम्म्या किमतीत काढून टाकतात; ती चालेल, मात्र दोन आवृत्त्यांपेक्षा मागची नको. दुसरं मराठीतलं एखादं घरगुती आरोग्याचं पुस्तक घे. ते निवडताना माझी अट एकच: प्रत्येक औषधापुढे ते कुणी घेऊ नये हे लिहिलेलं हवं, आणि प्रत्येक आजारापुढे डॉक्टरकडे केव्हा धावायचं हे हवं. डेंगीच्या तापात ॲस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन घेऊ नये ही ओळ शोध. ती नसेल तर नको. "शंभर रोगांवर एक उपाय" छापाची पुस्तकं कुणी भक्तिभावाने देणगी म्हणून आणून दिली तर घे, आभार मान, आणि संदर्भाच्या कपाटात लावू नकोस. त्यांना धार्मिक-अध्यात्मिकची फळी आहे.

चांगला संदर्भग्रंथ कसा असतो हे बघायला आपल्याला लांब जायला नको. पणजीला चर्चसमोर जी बाग आहे, ती ज्याच्या नावाची त्या गार्सिया द ओर्ताने 1563 मध्ये गोव्यातच आपलं औषधींवरचं पुस्तक छापलं. सगळं पुस्तक म्हणजे दोन माणसांचा संवाद. एक जण युरोपातून जुन्या ग्रंथांचं ओझं घेऊन आलेला, आणि दुसरा स्वतः ओर्ता, "मी इथे असं पाहिलं" म्हणणारा. पटकीची लक्षणं त्याने रोग्याजवळ बसून टिपलीत, आणि इथले लोक त्या रोगाला मोडशी म्हणतात हेही नोंदवलंय. छपाई मात्र इतकी अशुद्ध झाली की शेवटी चुकांची लांबलचक यादी जोडावी लागली. मला ती यादी फार आवडते. आजच्या एखाद्या प्रकाशकाने शुद्धिपत्र जोडलं की लोकांना वाटतं पुस्तक कच्चं आहे. मला वाटतं, निदान कुणीतरी छापल्यावर परत वाचलंय. पुढे 1567 मध्ये क्लुसियस या युरोपातल्या वनस्पतिशास्त्रज्ञाने त्याचा लॅटिन संक्षेप केला, आणि युरोपने हे पुस्तक बहुतेक त्या संक्षेपातूनच वाचलं. म्हणून संक्षिप्त आवृत्ती घेताना काय गाळलंय ते विचारावं.

विज्ञानाबद्दल थोडक्यात लिहिते. मराठी विश्वकोशाचा छापील संच विकत घेऊ नकोस. तर्कतीर्थांनी उभं केलेलं ते काम मोठंच आहे आणि माझी त्यावर श्रद्धा आहे, पण पहिला खंड 1976 चा, आणि आता सगळा विश्वकोश इंटरनेटवर फुकट वाचता येतो. वाचनालयातल्या संगणकावर तो उघडून ठेव आणि मुलांना शोधायला शिकव. प्रकाश, उष्णता, वनस्पतींची कुळं यांवरच्या त्याच्या जुन्या नोंदी अजून उत्तम आहेत. मूलद्रव्यांच्या आणि ग्रहांच्या संख्येला मात्र त्या प्रमाण मानायच्या नाहीत. नवीन विज्ञानकोश घेतलास तर आवर्तसारणी उघड. 113, 115, 117 आणि 118 या घरांत नावं नसतील तर तो 2016 च्या आधीचा आहे. किलोग्रॅमची व्याख्या पॅरिसजवळच्या धातूच्या ठोकळ्यावरून दिली असेल तर 2019 च्या आधीचा. पण नुसत्या या कारणाने पुस्तक नाकारू नकोस. समजावण्याची हातोटी चांगली असेल तर पहिल्या पानावर पेन्सिलीने तेवढी दुरुस्ती लिही आणि कपाटात लाव. राहिलेले पैसे इथले पक्षी, साप, झाडं यांच्या चित्रांच्या पुस्तकांवर घाल. चित्राखाली मराठी-कोंकणी नाव आहे ना ते बघ. आपली म्हातारी माणसं तीच नावं घेऊन येतात. आणि शेवटी सूची हवीच. मराठी प्रकाशक सूचीचा कंटाळा करतात, आणि सूचीशिवायच्या सहाशे पानांत फुरसं शोधायचं म्हणजे वाचनालय बंद व्हायची वेळ होते.

आता खरं अवघड, समाजधोरण. इथे गोवेकराने फार जपून राहायचं. पुण्या-मुंबईत छापलेली "वारसाहक्क: सर्वांसाठी" अशी पुस्तकं तुला डझनाने मिळतील. बहुतेक सगळी 1956 च्या हिंदू वारसा कायद्यावर लिहिलेली असतात. आपल्याकडे पोर्तुगीजांच्या 1867 च्या नागरी संहितेपासून चालत आलेला वेगळा कायदा आहे, तो सगळ्या धर्मांना सारखा, आणि वारसा व इन्व्हेंटरी, म्हणजे मालमत्तेची यादी करून वाटणी, यांसाठी 2016 पासून गोव्याचा स्वतःचा नवा कायदा लागू झाला. मुलं असलेल्या माणसाला मृत्युपत्राने आपल्या अर्ध्याच मालमत्तेची मनाप्रमाणे विल्हेवाट लावता येते, उरलेला अर्धा भाग मुलांसाठी राखीव. पुण्याचं पुस्तक वाचून एखादा बाप "सगळं धाकट्याच्या नावावर करतो" म्हणत नोटरीकडे जाईल आणि वाटेत घरात महाभारत होईल. ते पुस्तक खोटं नाही, ते इथलं नाही एवढंच. तसंच कूळ आणि मुंडकार, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणारा. हे प्रश्न घेऊन येणारी माणसं तुझ्याकडे सगळ्यात जास्त येतील. 1964 चा कूळ कायदा आणि 1975 चा मुंडकार कायदा, दोन्हींत नंतर दुरुस्त्या झाल्यात. म्हणून मूळ कायदा सगळ्या दुरुस्त्यांसह छापलेली प्रतच घे, आणि दुरुस्त्या कुठल्या सालापर्यंतच्या आहेत ते पुठ्ठ्यावर ठळक लिही.

योजना-हक्कांच्या पुस्तकाला पण एक कसोटी आहे. अपंगत्वाचे प्रकार किती दिलेत ते मोज. सात असतील तर ते 1995 च्या कायद्यावर थांबलंय. 2016 च्या कायद्यात एकवीस आहेत. थॅलेसेमिया, सिकल सेल, पार्किन्सन्स, ॲसिडहल्ल्याने आलेलं अपंगत्व हे सगळं त्यात आलं. जुनं पुस्तक बघून एखाद्या आईला "तुमचा मुलगा यात बसत नाही" असं तुमच्या टेबलावरून सांगितलं जाऊ नये.

आकड्यांची पुस्तकं विकत घेऊच नकोस. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची 2019-21 ची राज्याची आणि जिल्ह्यांची पत्रकं फुकट मिळतात. छापून घे, स्पायरल बांधून ठेव. जनगणना 2011 ची. तिच्यात गोव्याची लोकसंख्या 14 लाख 58 हजार आहे. पण इथेच जुनी पुस्तकं लागतात. गोवा चाळीस वर्षांत किती वाढला असा प्रकल्प शाळेतली पोरं दरवर्षी करतात, आणि 1971 चा आकडा एका पुस्तकात 7 लाख 95 हजार, दुसऱ्यात 8 लाख 57 हजार सापडला की गोंधळतात. दोन्ही बरोबर आहेत. दुसऱ्यात दमण आणि दीव धरलेत, कारण 1987 पर्यंत आपण एकाच केंद्रशासित प्रदेशात होतो. हे कळायला 1979 चं गॅझेटियर आणि जुने जनगणना अहवाल हाताशी लागतात. कमिटीतला कुणी "ही रद्दी बाद करा" म्हणाला तर सही करू नकोस. काढून टाकायचीच असतील तर जुनी औषधांची पुस्तकं काढ, आणि तीही नुसती मागच्या कपाटात ढकलू नकोस, बाद म्हणून दाखल नोंदवहीत शेरा मारून टाक. मागच्या कपाटातली पुस्तकं चतुर्थीच्या साफसफाईत हमखास पुढे येतात.

संचाचा आग्रह फारच झाला तर आपल्या आंबेड्याच्या महादेवशास्त्री जोश्यांचा संस्कृतिकोश सुचव. दहा खंड आहेत, कपाट भरेल, म्हाताऱ्यांना अभिमान वाटेल, आणि लोक तो खरंच उघडतात. विषय तुमच्या तिन्हींत बसत नाही हे मला माहीत आहे, पण कमिटीशी कधीकधी असाच तह करावा लागतो.

शंका आली तर पाटोवरच्या मध्यवर्ती ग्रंथालयात एक दिवस जाऊन ये. जे घ्यायचं मनात आहे ते तिथे आधी चाळ. संदर्भ विभागात कुठल्या पुस्तकांच्या कडा मळल्यात आणि कुठली कोरी आहेत ते बघून पुष्कळ कळतं.

यादी पाठवशील तेव्हा प्रत्येक नावापुढे सुधारित आवृत्तीचं साल लिही, किंमत मागाहून. विक्रेत्याकडून सवलत किती ते लेखी घे. बाबा रविवारी तिकडे येणार आहेत, त्यांच्याकडे माझ्याकडची गॅझेटियरची जुनी प्रत देते. बांधणी सुटलीय, झेरॉक्स काढून परत कर. जावईबापूंना आणि सासूबाईंना नमस्कार.

तुझी
आई