जिन्त्सच्या देवळातला बदललेला देव: बाईंना आभारपत्र

आदरणीय बाई,

सा. न. वि. वि.

चीनच्या शान्शी प्रांतातल्या जिन्त्स देवस्थानावर आमच्या अभ्यासगटाचं टिपण तयार झालं. जुन्या चिनी मजकुराच्या ओळी तुम्ही एकेक करून लावून दिल्यात, म्हणून हे जाहीर आभार.

ताइयुआनच्या नैर्ऋत्येला सुमारे 25 किलोमीटरवर, डोंगराच्या पायथ्याशी, जिन नदीच्या झऱ्यांवर हे देवस्थान आहे. आज तिथे मुख्य अक्षावर पूर्वाभिमुख बसली आहे ती शंगमू, म्हणजे पुण्यमाता. ज्याच्या नावाने देवस्थान सुरू झालं तो शू-यू, चौ घराण्याच्या राजा वूचा मुलगा, उत्तरेला बाजूच्या देवळात. हल्लीचं माहितीपत्रक सांगतं की शंगमू ही शू-यूची आई यी च्यांग. एवढ्यावर थांबलं की देव बदलल्याचा पत्ताच लागत नाही. आईला मान मिळाला, इतकंच वाटतं.

तुम्ही माहितीपत्रक मिटायला लावलंत आणि सहाव्या शतकातल्या ली दाओयुआनचा नद्यांवरचा ग्रंथ उघडलात. त्यात लिहिलं आहे: कुंडाच्या पश्चिमेला, डोंगराला टेकून शू-यूचं देऊळ, पाण्यावर पूल. देवस्थानाच्या आजच्या आराखड्यावर 34 दगडी खांबांच्या चौफुलीसारख्या पुलावर बोट ठेवून पश्चिमेला सरकवलं, तर बोट शंगमूच्या मंदिरात जातं. मुलाची जागा होती, तिथे आता देवी आहे. आमच्या मते संपूर्ण टिपणात याहून मोलाची गोष्ट नाही.

मग सनावळी लागत गेली. थांग घराण्याचा सम्राट थायत्सुंग याचा 646 चा शिलालेख शू-यूचाच गौरव करतो. शंगमूचं मंदिर 1023 ते 1032 मधलं. तिला दरबारी पदवी 1077 मध्ये मिळाली, ती पाऊसपाण्यासाठी. समोरचा नैवेद्य मंडप 1168 चा. देवी यी च्यांग असल्याचं चिनी विद्वान यान रुओछूने मांडलं ते मात्र थेट सतराव्या शतकात. हे उत्तर अकराव्या शतकावर लादलं की सगळा क्रमच विस्कटतो, आणि असं वारंवार होतं, कारण पाटीवर सन नसतो.

बदलामागे पाणी होतं, हे तुमचं म्हणणं आम्हाला पटतं. झऱ्याचं पाणी दहा भोकांच्या दगडी बांधातून वाटलं जाई: सात उत्तरेला, तीन दक्षिणेला. ज्यांची भातशेती त्यावर उभी, त्यांना राजपुत्रापेक्षा पाणी देणारी देवता जवळची. 1563 मध्ये तर झऱ्याशेजारी रांजणावर बसलेल्या जलमातेचं वेगळं देऊळ झालं. लोककथेत ती जवळच्या गावातली सासुरवाशीण.

तुमच्या सांगण्यावरून प्रत्येक नोंदीत आधी सन, मग देवतेची तेव्हाची पदवी, मग तोंडाची दिशा असा क्रम ठेवला आहे. छापील प्रत पाठवत आहोत. समासातल्या तुमच्या दुरुस्त्या तुमच्या नावानिशी घेतल्या आहेत.

आपले कृतज्ञ,
अभ्यासगटातले सर्वजण