मुक्ताला पत्र

पुणे

चि. मुक्ता हिस,
अनेक आशीर्वाद.

काल "आई, डॉक्टर मी आहे" म्हणून तू फोन ठेवलास. आहेसच! आरोग्य केंद्राबाहेरच्या तुझ्या नावाच्या पाटीचा फोटो मी साऱ्या नातेवाइकांना पाठवला. पण क्वार्टरमध्ये कॉट नाही म्हणून तू खाली सतरंजीवर झोपतेस, हे ऐकल्यापासून घास उतरत नाही. वेल्ह्याचा पाऊस, लावणीचे दिवस आणि जमिनीवर अंथरूण. मण्यार रात्रीच फिरते गं.

घोणस चावली की आग होते, पाय सुजतो, माणूस धावत येतो. मण्यारीचं तसं नाही. झोपेत कळतही नाही, दातांची खूण धड सापडत नाही. पहाटे पोटात दुखतं आणि घरचे म्हणतात, जेवण बाधलं. आमच्या वॉर्डात अशी एक मुलगी आली होती. आधी कुणीतरी पित्ताचं इंजेक्शन देऊन घरी पाठवलेली. पापण्या उचलेनात, थुंकी गिळवेना. व्हेंटिलेटर मिळेपर्यंत आम्ही पाळीपाळीने अँब्यू बॅग, म्हणजे हाताने श्वास द्यायची पिशवी, दाबत बसलो. नातेवाईक रडायला लागले तेव्हा मी त्यांना बाहेर काढलं, कारण अंग लुळं पडलं तरी पेशंटला सगळं ऐकू येत असतं. मी तिच्या कानाशी बोलत राहिले. पुढे तिने अंगठा हलवला, तो अजून डोळ्यांसमोर आहे. तू तेव्हा दुसरीत होतीस, नानी तुला शाळेत सोडायच्या.

म्हणून म्हणते, पहाटेची पोटदुखी घेऊन कुणी आलं की आधी पापण्या बघ, रात्री कुठे झोपला होता ते विचार. घोणशीचा संशय असला तर रक्त गोठतंय का ते बघायला कोऱ्या, कोरड्या काचेच्या नळीत 20 मिनिटं न हलवता ठेव. साबणाने धुतलेली नळी घेऊ नकोस, त्यात चांगलं रक्तही गोठत नाही. पाय करकचून बांधून आणला असेल तर एकदम सोडू नकोस, आधी एएसव्ही, म्हणजे सापाच्या विषावरचं औषध, चालू कर, त्याची रिअॅक्शन आली तर म्हणून ॲड्रेनलिन भरून हाताशी ठेव. लहान मुलालाही डोस मोठ्यांइतकाच. साप वय बघून विष सोडत नाही.

झालं माझं भाषण. हे सगळं तू शिकलेली आहेस, रागावू नकोस. पण आशाताईंना गोळा करून एवढं सांगच: पैंजण-जोडवी काढा, पाय हलू देऊ नका, चिरू नका, साप शोधत बसू नका, 108 ला फोन लावा. तुझं ऐकतील. तुझा आवाज नानांसारखा आहे.

शनिवारी बंडूमामा लोखंडी कॉट आणि मच्छरदाणी घेऊन येतोय. कॉट भिंतीपासून लांब ठेव, मच्छरदाणी गादीखाली चारी बाजूंनी खोच. तोवर तपासणीच्या टेबलावर झोप, पण खाली नको. मामा पोचला की फोन कर.

तुझी,
आई